घुग्घुसच्या माणसांनी बसायचे कुठे?

चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला घुग्घुस आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका लागतो. गावाभोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या वेकोलिच्या कोळसा खाणी, जवळच नकोड्याला सिमेंटचा कारखाना, गावाला खेटून स्पंज आयर्नचा कारखाना. २०११ च्या जनगणनेत वस्ती बत्तीस हजारांवर होती. गावात मराठी माणसाइतकाच तेलंगणातून आलेला तेलुगू माणूस भेटतो. छत्तीसगडचा, बिहारचा, उत्तर प्रदेशाचा भेटतो. गोंड कुटुंबे तर इथली मूळचीच.

वर्तमानपत्रात घुग्घुसचे नाव बहुधा दोन कारणांनी येते. एक, धूळ आणि धूर. दुसरे, ट्रकचे अपघात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून चौथा क्रमांक आला आणि त्या चंद्रपूर पट्ट्यात घुग्घुसही मोजलेले होते. परीक्षेत चौथा नंबर आला की आपण पेढे वाटतो, इथे घरोघरी खोकल्याच्या बाटल्या आल्या. हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. या लेखात एक साधा आणि म्हणूनच मागे पडलेला प्रश्न मांडायचा आहे. पाळी करून, धूळ खाऊन घरी आलेल्या माणसाने संध्याकाळी बसायचे कुठे? त्याच्या बाईने, पोरांनी, म्हाताऱ्या आईने चार माणसांत जायचे ते कोणत्या जागी?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण एकदा संध्याकाळी घुग्घुसमध्ये फिरून पाहा. पुरुष मंडळी चौकातल्या चहाच्या टपरीवर उभी असतात. बसायला बाक असला तर दोघांपुरता, बाकीचे गाडीच्या सीटवर टेकून. रेल्वेचे फाटक बंद होऊन कोळशाची मालगाडी सरकू लागली की अलीकडे-पलीकडे गर्दी साचते आणि तेवढ्या वेळात अर्ध्या गावाची विचारपूस होते. मालगाडी हीच आमची सभा भरवते असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. आठवडी बाजार हे बायकांचे भेटण्याचे ठिकाण. भाजी अर्धा किलो आणि बोलणे दोन किलो, पण डोक्यावर सावली नाही आणि बसायला ओटा नाही. म्हातारे लोक घराच्या दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतात, म्हणजे ट्रककडेच बघत बसतात. तरुण पोरांना क्रिकेटला जागा हवी असते. ती मिळेल तिथे, कधी पडीक जागेवर, कधी मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. आणि मुली? त्यांनी शाळा सुटल्यावर कुठे जावे याचे उत्तर गावाजवळ नाही. त्या घरी जातात.

आमच्या बौद्ध वस्त्यांत विहार आहे, हा मोठा आधार. वंदनेला जमलेल्या बायका वंदनेनंतर अर्धा-पाऊण तास ओट्यावर थांबतात, ते दृश्य पाहण्यासारखे असते. कुणाच्या सुनेचे दिवस भरत आले, कुणाच्या मुलाला कंत्राटात किती रोज पडतो, रेशनला काय आले, सगळे तिथे निघते. १४ एप्रिलला रस्ताच आपला होतो. १६ ऑक्टोबरला घरेच्या घरे कुलूप लावून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जातात, कारण १९५६ साली नागपूरनंतर बाबासाहेबांनी त्याच दिवशी चंद्रपूरला दीक्षा दिली. तेलुगू कुटुंबांच्या बायका बतकम्मासाठी फुलांचे थर रचतात, छठला बिहारी कुटुंबे पाण्याकडे जातात. प्रत्येक समाजाने आपापली जागा कशीबशी केली आहे. सगळ्यांची मिळून अशी जागा मात्र शोधावी लागते. ती अशी का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

घुग्घुस हे कोळशाने जन्माला घातलेले गाव नव्हे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्ये चांदा जिल्ह्यातल्या पाहण्यासारख्या प्राचीन वस्तूंत भांदक, विंजासन, देवाळा आणि घुग्घुस येथील कोरीव लेणी अशी नोंद आहे. विंजासनची बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी भद्रावतीला जाऊन पाहिली आहेत. त्याच ओळीत घुग्घुसचे नाव आहे, हे गावातल्या किती पोरांना माहीत असेल? कोळसा त्यानंतर कितीतरी शतकांनी आला. १८७१ साली वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली, तिच्यासाठी १८७७ साली वर्ध्याहून रेल्वे आली. त्याच दशकात भूगर्भ खात्याने वर्धा खोऱ्याची पाहणी केली, तेव्हा घुग्घुसचा जाड थरही सरकारच्या कागदावर चढला. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात खाण उघडणे जितके जुने, तितकेच खाण संपणेही जुने आहे. पण त्या अनुभवाचा धडा कुणी लिहून ठेवला नाही.

१९७३ साली खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेकोलि स्थापन झाली. नोकरी पक्की झाली, पगार वाढला. क्वार्टर मिळाले, दवाखाना मिळाला. घुग्घुसचा राजीव रतन दवाखाना आजूबाजूच्या सर्व खाणींतल्या कामगारांना ठाऊक आहे. वसाहतीत मैदान, क्लब, सभागृह अशा सोयी आल्या. खाणीत नोकरी लागलेल्या घराची एका पिढीत चढती झाली, हे मान्य केले पाहिजे. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली याच पगारावर शिकून बाहेर पडली. मात्र त्या सोयींच्या फाटकावर एक अदृश्य पाटी होती: कंपनीचा माणूस आत, गावचा माणूस बाहेर. गाव आणि वसाहत शेजारी राहिले, पण एका पंगतीला बसले नाहीत. आता वसाहतीतला पक्का कामगार निवृत्त होऊन कमी होत चालला आणि खाणीतले काम कंत्राटदाराकडे गेले. कंत्राटी कामगाराला क्वार्टर नाही. क्लबात शिरायचा मानही नाही. ज्या जागा कंपनीने नोकरांसाठी केल्या, त्या नोकर सरल्यावर ओस पडणार आणि ज्यांना गरज आहे ते फाटकाबाहेर उभे राहणार, असा हा हिशेब आहे.

कामगाराला पगाराखेरीज आणखी काही देणे लागते, हा विचार खाणीच्या जगात कुठून आला, हे आपल्या वाचकांनी विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींची पाहणी केली, स्वतः खाणीत उतरले आणि कामगारांची घरेही पाहिली. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या प्रत्येक टनावर कर आणि त्या पैशातून कामगारांसाठी घरे, दवाखाने, पाणी, शिक्षण, करमणूक, अशी ती रचना. वाचकहो, करमणूक हा शब्दसुद्धा तिथे होता! दिवसभर अंधारात काम करणाऱ्या माणसाला उजेडात बसायला जागा हवी, हे त्यांनी सरकारी कागदात बसवले. युद्धाच्या निकडीत बायकांना खाणीत उतरवण्यावरची बंदी १९४३ साली उठवली गेली होती, आपला चांदा ज्या मध्य प्रांतात होता तिथेही. त्यावरून विधिमंडळात टीका झाली आणि सरकारच्या वतीने उत्तर देण्याचे काम बाबासाहेबांवर आले. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. हा निधी पुढे १९४७ च्या कायद्याने चालू राहिला आणि १९८६ साली तो कायदा रद्द करण्यात आला. कल्याणाचे काम आता कोळसा कंपन्याच पाहतील, असे ठरले. तेव्हापासून त्या पैशाचे वेगळे खाते बंद झाले. मी बी.कॉम. झालेला कारकून आहे, म्हणून सांगतो, वेगळे खाते बंद झाले की खर्च झाला की नाही हे विचारायची सोयही जाते.

आता जागेचा कायदा पाहू. कोळशासाठी जमीन घेण्याचा स्वतंत्र कायदा १९५७ चा आहे. त्याखाली घेतलेली जमीन केंद्र सरकारची होते आणि सरकार ती कोळसा कंपनीला देते. कोळसा काढून झाला म्हणून ती आपोआप गावाची होत नाही. गावठाणाला लागून असलेली पडीक जागा पाहून आपण म्हणतो, ही तर कुणाचीच नाही. कागदावर तिला मालक असतो आणि तो नागपूर किंवा दिल्लीकडे तोंड करून बसलेला असतो.

याचा अनुभव आमच्या मंडळाने घेतला आहे. दहावी-बारावीच्या मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती. पुस्तके जमली, कपाट मिळाले, दोन पंखे एका निवृत्त भाऊंनी दिले. एक बंद पडलेली खोली होती, छप्पर शाबूत होते. अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितले, जागा आमची असली तरी इमारत आमच्या यादीत नाही. दुसऱ्याने सांगितले, इमारत आमच्या यादीत असली तरी वापराचा अधिकार तिसऱ्याकडे आहे. तिसऱ्याने पहिल्याचे ना-हरकत पत्र मागितले. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी विचारले, "साहेब, खोली पडली तर ती कोणाच्या अंगावर पडन, ते तरी लिहून द्या." तेही कुणी लिहून दिले नाही.

बाईंचा प्रश्न विनोदाचा नव्हता, कारण घुग्घुसमध्ये त्याचे उत्तर सर्वांनी पाहिले आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी अमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. जमीन हादरली तशी घरातली माणसे बाहेर धावली म्हणून वाचली, आणि पाहता पाहता भिंती-छपरासह घर खोल खड्ड्यात गेले. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली. नावात आंब्याची सावली आणि पायाखाली पोकळी, अशी त्या वस्तीची गत झाली.

हे कसे घडते ते थोडक्यात समजून घेऊ. वर्धा खोऱ्यातला कोळशाचा मुख्य थर जाड आहे, पन्नास-साठ फुटांपर्यंत भरतो. जुन्या भूमिगत पद्धतीत त्यातून आडवे-उभे बोगदे काढत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छप्पर पेलायला ठेवायचे. काम संपल्यावर पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून टाकली तर जमीन टिकते. भरली नाही किंवा अर्धवट भरली, तर खांब पाण्याने झिजतात, कडेने ढासळतात आणि एक दिवस वरचा थर खाली बसतो. त्या दिवसाला तारीख नसते. दहा वर्षांनी येईल, पन्नास वर्षांनी येईल. खाण चालवणाऱ्याच्या हिशेबवहीत तोवर ती खाण कधीच बंद झालेली असते, पण वर राहणाऱ्याच्या घरात ती चालूच असते. म्हणून घुग्घुसमध्ये मैदान मागा, बाग मागा, काहीही मागा, पहिली मागणी जुन्या खाणीच्या नकाशाची असली पाहिजे. कोणत्या वॉर्डाखाली पोकळी आहे, कुठे भरली आहे, कुठे नाही, हे भिंतीवर लावलेल्या नकाशात दिसले पाहिजे. जिथे घर बांधणे धोक्याचे, तिथे लोकांना नेऊन बसवणेही धोक्याचेच.

कोणी म्हणेल, अजून खाणी चालू आहेत, पोलादाच्या व्यवसायाला तर गडचिरोलीच्या सुरजागडच्या लोहखनिजाने नवा जोर आला आहे, मग संपण्याची भाषा कशाला? कारण जागेचा निर्णय शेवटचा भोंगा वाजण्याच्या आधी होतो, नंतर नव्हे. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. कामगार तेव्हा थकलेली देणी आणि डोक्यावरचे घर यांच्या मागे धावत होता, आणि ते धावणे भागच होते. परळ-लालबागच्या चिमण्यांच्या जागी मग काय उभे राहिले ते सर्वांनी पाहिले आहे. नियमातल्या एका ओळीने मैदाने गेली.

उलट उदाहरणेही आहेत, आणि ती फार लांब शोधायला नकोत. वेकोलिनेच नागपूर जिल्ह्यात सावनेरला खाण परिसरात इको पार्क केला आणि २०१६ पासून तिथे खाण पर्यटन सुरू झाले. शाळांच्या सहली तिथे जातात. जर्मनीत रूर नावाचा कोळशाचा मोठा मुलूख आहे. तिथली झोलफेराइन ही प्रचंड खाण १९८६ साली बंद झाली, पण पाडली नाही. तिच्या इमारतींत संग्रहालय आणि कलेची केंद्रे आली आणि २००१ साली ती जागतिक वारसा ठरली. ड्युइसबर्ग शहरात १९८५ साली थांबलेल्या लोखंडाच्या भट्ट्यांभोवती सार्वजनिक बाग झाली. जर्मनीचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण जी खाण आपली होती तिची जागा आपली राहावी, हे मागायला जर्मन असावे लागत नाही.

आणि पैसा अगदीच नाही असेही नाही. २००९ पासून केंद्राच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा करावा लागतो. त्यासाठी कोळसा नियंत्रकाच्या देखरेखीखालच्या वेगळ्या खात्यात दरवर्षी रक्कम भरावी लागते. त्या वर्षीच्या भावाने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख असा तो हिशेब होता. आराखड्यातले काम केले तर रक्कम टप्प्याटप्प्याने कंपनीला परत मिळते. म्हणजे आराखड्यात काय लिहिले आहे, यावर सर्व अवलंबून. झाडे लावणे लिहिले तर झाडे, खड्ड्याला कुंपण लिहिले तर कुंपण. गावासाठी मैदान, तलाव, फिरायची वाट लिहिली गेली तर तीही. २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी २०२२ साली वेगळ्या सूचना निघाल्या, त्या अमराईसारख्या वस्त्यांना महत्त्वाच्या. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या जमिनीच्या वापराचे धोरणही मंजूर केले. त्या यादीत वॉशरी आहे, रेल्वे सायडिंग आहे, वीज प्रकल्प आहेत, पुनर्वसन आणि वृक्षलागवड आहे. गावच्या मैदानाचा आणि वाचनालयाचा वेगळा उल्लेख नाही. आपण मागितले नाही तर कोण घालणार?

दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ पासून खाणवाल्यांना जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्ह्याच्या या निधीत भरावी लागते. ती खाणबाधित गावांवर खर्च व्हायची. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालके, वृद्ध व अपंग यांच्यासाठी मोठा वाटा राखून ठेवलेला आहे. आधी तो ६० टक्के होता, २०२४ च्या सूचनांत ७० टक्के झाला. टनामागे काही पैसे कामगाराच्या जगण्यासाठी काढून ठेवायचे, ही १९४४ चीच कल्पना दुसऱ्या नावाने परत आली आहे, असे मी समजतो. अभ्यासिका शिक्षणात बसते. वृद्धांसाठी सावलीचा ओटा वृद्धांच्या कामात बसतो. प्रस्ताव मात्र नीट लिहावा लागतो. "गावाचा विकास करावा" असा अर्ज टोपलीत जातो. कोणती जागा, किती चौरस फूट, मालक कोण, खर्च किती, चालवणार कोण, एवढे असले तर निदान फाईल उघडते.

घुग्घुसला आता आपले घर आहे. मोठ्या आंदोलनानंतर २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. मग पाच वर्षे प्रशासकाचा कारभार, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पहिली निवडणूक. नगर परिषद म्हटली की विकास आराखडा आला, त्यात बाग, क्रीडांगण, वाचनालय यांची आरक्षणे आली आणि नागरिकांच्या हरकती-सूचना आल्या. आरक्षणाचा रंग नकाशावर भरला म्हणजे जागा मिळाली असे होत नाही, हे खरे. पण रंगच भरला नाही तर पुढच्या पिढीला भांडायला कागदही उरत नाही. हरकतींची मुदत निघते तेव्हा लग्नसराई असते, परीक्षा असतात, कुणाची रात्रपाळी असते. मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढतो. मोर्चाला माझी ना नाही, मीही कितीतरी मोर्च्यांत चाललो आहे. पण मुदतीत दिलेल्या दोनशे सह्यांच्या अर्जाची पोच खिशात असली की मोर्च्याचा आवाज वेगळाच निघतो.

आमच्या मुलींची अभ्यासिका तूर्त विहारात चालते. संध्याकाळी सहा ते नऊ, एका वेळी बाराजणी. वंदनेच्या दिवशी पुस्तके उचलून ओट्यावर न्यावी लागतात आणि पावसाळ्यात तेही जमत नाही. यंदा आम्ही अर्जाचा क्रम बदलला आहे. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून त्या खोलीच्या जागेचा नकाशा आणि तलाठ्याकडून सातबारा काढायचा, मालकाचे नाव हाती घ्यायचे, मग अर्ज. सोबत दुसरा अर्ज जुन्या खाणीच्या नकाशाचा, माहितीच्या अधिकाराखाली. अध्यक्षबाईंनी सह्यांची वही घेऊन चार वॉर्ड पालथे घातले आहेत. त्यात तेलुगू सह्या आहेत, हिंदी आहेत, तीन अंगठे आहेत. वही सध्या त्यांच्याकडेच आहे. घुग्घुसच्या ज्या बंधू-भगिनींची सही राहिली असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे.